अयन ते रथसप्तमी : सूर्याचे वळणे पाहण्याची आणि पाळण्याची रीत

संक्रांतीच्या दिवशी हातावर तिळगूळ ठेवताना, आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो, असे घरातले कोणीतरी म्हणतेच. त्याच दिवशी पुण्यात सूर्य सात वाजून नऊ-दहा मिनिटांनी उगवतो आणि वर्षातल्या सर्वांत उशिराच्या सूर्योदयांमध्ये तो सूर्योदय मोडतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवस मोठा होऊ लागलेला असतो हे खरे. पण ती वाढ संध्याकाळच्या बाजूने होत असते आणि तिला सुरुवात होऊन तीन आठवडे उलटलेले असतात. सूर्य वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. त्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंतचा काळ एक सलग व्रत म्हणून कसा पाळावा, त्यासाठी गच्चीवर काय मांडावे आणि घरातल्या जुन्या रिती त्याच्याशी कशा जोडून घ्याव्यात, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधीच सांगितलेले बरे की, हे व्रत या स्वरूपात कोणत्याही पोथीत आढळणार नाही. त्यातला प्रत्येक तुकडा जुना आहे आणि आपल्याच घरांतला आहे; ते तुकडे आकाशाकडे पाहून एका दोऱ्यात ओवणे एवढेच येथे केले आहे.

तारीख कोणती धरावी

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षभरात सूर्य आपल्याला उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकताना दिसतो. दक्षिणेकडची त्याची सीमा म्हणजे मकरवृत्त. तो तेथे पोचतो तो क्षण म्हणजे दक्षिणायनाचा शेवट आणि उत्तरायणाचा आरंभ. येथे ‘अयन’ म्हटले आहे ते यालाच. पंचांगाच्या भाषेत हे सायन गणित झाले. मकर संक्रांत निरयन गणिताने येते, म्हणजे राशी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजून सूर्य मकर राशीत गेला की ती होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलत असल्यामुळे ही दोन गणिते सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या गतीने एकमेकांपासून दूर जातात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि अयन एकाच दिवशी होत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून थोडे अधिक अंतर पडले आहे. इंग्रजी तारखांच्या मानानेही संक्रांत पुढे सरकत असते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी १८६३. यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्यामुळे ‘संक्रांत कोसळणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, असे अनेकदा ऐकू येते. पण त्या वर्षीची संक्रांत त्या तारखेच्या आधीच होऊन गेली होती.

मग संक्रांत चुकीची ठरवून ती डिसेंबरात ओढावी काय? माझे मत तसे नाही. संक्रांतीला सुगीचा, शेताचा आणि नात्यागोत्यांचा आधार आहे आणि तो गणिताने हलवता येत नाही. दोन्ही दिवस ठेवावेत आणि मधल्या काळाला अर्थ द्यावा, हे अधिक चांगले. राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेने, जी २२ मार्च १९५७ पासून अमलात आली, पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला धरून हा नैसर्गिक सांधा आधीच मान्य केलेला आहे. अयनाचा नेमका क्षण दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून २१ आणि २२ डिसेंबर हे दोन्ही दिवस मोकळे ठेवावेत.

गच्चीवर शंकू मांडणे

ज्या गच्चीवर, अंगणात किंवा गॅलरीत सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सलग ऊन येते अशी सपाट जागा निवडावी. तेथे मातीने भरलेल्या कुंडीत एक सरळ काठी रोवावी. जुन्या ग्रंथांत या उभ्या काठीला शंकू म्हणतात आणि दिशा व काळ ठरवण्याचे ते सर्वांत साधे साधन होते. काठी ओळंब्याने तपासून घ्यावी. दोरीच्या टोकाला नट बांधला तरी ओळंबा होतो. काठीच्या टोकाची सावली कडेला विरळ होत जाते आणि नेमकी खूण करता येत नाही, म्हणून टोकावर जाड पुठ्ठ्याची हाताच्या पंजाएवढी चकती बसवून तिच्या मध्यावर पेन्सिलीने एक छिद्र पाडावे. चकतीच्या सावलीत उजेडाचा एक लहान ठिपका पडेल. तो ठिपका म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. छिद्र जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर येईल असे पाहावे, म्हणजे पुढची सगळी मापे सोपी होतात. काठीचा पाया जेथे टेकतो ती जागा मापासाठी मोकळी हवी असल्यास कुंडीऐवजी बाजूला स्टुल ठेवून त्याच्या कडेला चकती चिकटवावी आणि छिद्रातून ओळंबा सोडून खाली त्याची खूण करावी. पाया म्हणजे ती खूण.

आता दिशा काढाव्यात. पायाभोवती खडूने एक वर्तुळ आखावे. त्याची त्रिज्या दुपारच्या सावलीपेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर अधिक असावी. सकाळी ठिपका वर्तुळाबाहेरून आत येताना जेथे परिघाला शिवेल तेथे एक खूण आणि दुपारनंतर तो बाहेर जाताना जेथे शिवेल तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्वपश्चिम असते. यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रकारांनी हीच रीत सांगितली आहे. मोबाइलमधल्या होकायंत्राने हे काम क्षणात होईल, पण एकदा तरी सूर्याकडून दिशा विचारून घ्याव्यात.

मध्याह्न घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. अयनाच्या सुमारास तो नागपुरात १२ वाजून १२ मिनिटांच्या, पुण्यात १२.३३ च्या आणि मुंबईत १२.३६ च्या आसपास येतो. त्याच्या आधी आणि नंतर पंधरा-पंधरा मिनिटे दर तीन मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करावी आणि पायापासून सर्वांत जवळची खूण त्या दिवसाची म्हणून रंगाने पक्की करून शेजारी तारीख लिहावी. अयनाच्या दिवशी १०० सेंटिमीटर उंचीच्या शंकूची मध्याह्नाची सावली पणजीत सुमारे ८१, कोल्हापुरात ८४, पुण्यात ९०, मुंबईत ९२ आणि नागपुरात ९९ सेंटिमीटर भरते. नागपूरकरांना त्या दिवशी आपली उंची आणि आपली सावली जवळजवळ सारखी झालेली पाहता येते.

या सर्व कामात सूर्याकडे थेट पाहण्याची गरज कोठेही नाही आणि तसे पाहूही नये. लहान मुले बरोबर असतील तर हे आधी बजावून ठेवावे.

अयनाची पहाट

डिसेंबरच्या साधारण १६ तारखेपासून संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत धनुर्मास असतो, ज्याला आपल्याकडे धुंधुरमास म्हणतात. सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवून तो उजाडतानाच खायचा, ही त्यातली मुख्य रीत. उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही देवांची रात्र असे मानले जाते. त्या हिशेबाने दक्षिणायनाचा हा शेवटचा तुकडा म्हणजे देवांची पहाट. आपल्या पहाटे देवांच्या पहाटेचा नैवेद्य, असा दुहेरी अर्थ त्या खिचडीला आहे. महिनाभर धुंधुरमास पाळणे आज बहुतेकांना जमत नाही. तेव्हा निदान एक दिवस पाळायचा तर तो अयनाचा पाळावा.

आदल्या रात्रीच मूग-तांदूळ निवडून ठेवावेत. पहाटे स्नान उरकून पूर्वेकडे मोकळे दिसेल अशा ठिकाणी जावे आणि आदल्या दिवशी आखलेल्या पूर्वपश्चिम रेषेवर उभे राहावे. सूर्य समोर उगवणार नाही. तो पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, वर येईल. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे दहा अंशांची होते, तेव्हा अडीच मुठी मोजून आधीच जागा हेरून ठेवता येते. तेथे क्षितिजावर जे झाड, टाकी किंवा डोंगराचा सुळका असेल तो लक्षात ठेवावा. सूर्याच्या घराचा तो दक्षिणेकडचा उंबरठा आहे. सहा महिन्यांनी, २१ जूनच्या सुमारास, तो पूर्वेच्या डावीकडे तेवढ्याच अंतरावर उगवेल. अर्थात आपल्याकडे तेव्हा बहुधा ढगच असतात.

बिंब दिसू लागले की तांब्याच्या कलशातून अर्घ्य द्यावे. पाण्यात तांबडे फूल आणि थोड्या अक्षता घालाव्यात, ओंजळ खांद्याच्या वर न नेता पाण्याची धार सावकाश ताम्हनात सोडावी आणि नजर धारेवर ठेवावी. गायत्री येत असेल तर ती म्हणावी, सूर्याची बारा नावे येत असतील तर ती घ्यावीत, काहीच येत नसेल तर गप्प उभे राहावे. ताम्हनातले पाणी झाडाला घालावे.

दुपारी शंकूची खूण करावी. संध्याकाळी तुळशीपाशी किंवा खिडकीत तिळाच्या तेलाचा एक दिवा लावावा. एकच. दिव्यांची आरास दिवाळीची आहे, या दिवसाची नाही.

थांबलेल्या सूर्याचे दिवस

या व्रताचा गाभा अयनानंतरच्या पाच-सात दिवसांत आहे आणि नेमके तेच दिवस कंटाळवाणे वाटतात. रोज मध्याह्नी खूण करावी तर ती कालच्याच खुणेवर पडते. पुण्यात २१ पासून २६ डिसेंबरपर्यंत सावली दोन-तीन मिलिमीटरच आखूड होते आणि उजेडाचा ठिपका सेंटिमीटरभर रुंद असल्यामुळे तो फरक डोळ्यांना कळत नाही. ३१ डिसेंबरला सेंटिमीटरभर फरक पडलेला दिसतो. संक्रांतीपर्यंत सावली ९० वरून साडेत्र्याऐंशीच्या आसपास येते. त्यानंतर मात्र वेग वाढतो आणि १ फेब्रुवारीला ती ७२ पर्यंत उतरलेली असते. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात माघातल्या अमावास्येला सूर्य विसावतो आणि मग उत्तरेकडे वळतो असे म्हटले आहे. ते लिहिणाऱ्याने असाच कोठेतरी शंकू रोवून रोज खूण केली असली पाहिजे, असे वाटल्याशिवाय राहत नाही, कारण विसावण्याचा हा अनुभव पंचांग वाचून येत नाही.

अंधारावर प्रकाशाचा विजय असे हिवाळी अयनाचे वर्णन सर्रास केले जाते. खुणा करणाऱ्याला तसे काहीच दिसत नाही. वळण घेऊन झालेले असते, पण त्याची खूण पडायला दहा दिवस लागतात. थंडी तर त्यानंतरच अधिक बोचू लागते आणि सकाळ आणखी उशिरा होत जाते. पुण्यात अयनाला सूर्योदय ७.०२ च्या सुमारास असतो, संक्रांतीला तो ७.०९ च्या पुढे जातो. सूर्यास्त मात्र ६.०३ वरून ६.१७ वर येतो. बेरीज केली तर तीन-साडेतीन आठवड्यांत दिवस सात-आठ मिनिटांनी वाढतो. ही तिळातिळाची वाढ आहे आणि म्हण अगदी शब्दशः खरी आहे. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी ५८ रात्री उत्तरायणाची वाट पाहिली, ती कथाही या खुणांजवळ बसून आठवावी. बाहेर काहीच घडत नसताना थांबून राहणे हे त्या कथेचे बळ आहे.

म्हणून या आठवड्यात करायचे काम लहान ठेवावे आणि ते रोज करावे : मध्याह्नी एक खूण आणि संध्याकाळी एक दिवा. एखादा संकल्प करायचा असेल तर तो अयनाला मनात धरावा आणि फरक डोळ्यांना दिसेपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, कोणाजवळ बोलू नये. नवीन वर्षाचे संकल्प एरवी ३१ ला जाहीर होतात आणि आठवड्यात विरतात. हे दहा दिवस गप्प राहणे त्यांना मानवते असा माझा अनुभव आहे. जानेवारी लागल्यावर रोजची खूण सोडून आठवड्यातून एकदा केली तरी चालते.

भोगी, संक्रांत, किंक्रांत

या तीन दिवसांच्या रिती घरोघरी ठाऊक असल्याने त्या सविस्तर सांगत नाही. सूर्याच्या अंगाने त्यांच्याकडे कसे पाहावे तेवढे सांगतो. भोगीला हरभरा, गाजर, वांगे, पावटा, बोरे अशी त्या ऋतूत शेतात आणि रानात जे जे आहे ते एका भाजीत येते आणि तिळाची बाजरीची भाकरी तिच्याबरोबर असते. दक्षिणायनात जेवढे ऊन पडले ते सारे त्या ताटात आलेले असते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे म्हणतात ते उगाच नव्हे. थंडीच्या ऐन भरात अंगाला तेलाची आणि उष्णतेची गरज असते.

तिळाबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि प्रेमही. तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनंती करतात, तीत हा श्लेष मुरलेला आहे. तीळ दिसायला कोरडा असतो, पण दाबला की तेल सोडतो आणि ते तेल दिव्यात घातले की उजेड होतो. उन्हाळ्या-पावसाळ्यातला सूर्य दाण्यात साठवून हिवाळ्यात परत काढण्याचा हा प्रकार आहे. म्हणून अयनापासून लावत आलेल्या दिव्यात तिळाचे तेल घालायला सांगितले. संक्रांतीला तोच दिवा तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवावा, म्हणजे दोन दिवसांमधला दुवा घरातल्या सर्वांना न सांगता कळेल.

सुगडात हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडे, बोरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरतात. सुगड भरताना मुलांना हाताशी घ्यावे आणि शंकूच्या खुणा दाखवून, पहिल्या खुणेपासून आजच्या खुणेपर्यंत किती अंतर पडले ते त्यांना उसाच्या कांड्याने मोजायला लावावे. काळ्या वस्त्रांचा मान या एकाच सणाला आहे. काळा रंग ऊब धरतो हे कारण सर्वज्ञात आहे, आणि सरत्या लांब रात्रीला दिलेला तो निरोपही मानता येतो. दुसऱ्या दिवशीच्या किंक्रांतीला शुभ काम करत नाहीत. तो दिवस खूण न करता सोडावा.

परदेशी असलेल्यांसाठी

लंडनमध्ये अयनाच्या मध्याह्नी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि १०० सेंटिमीटर शंकूची सावली पावणेचार मीटरच्या घरात जाते, म्हणून तेथे ३० सेंटिमीटरचा शंकू पुरे. दिवस आठ तासांहूनही लहान असल्यामुळे सूर्य वळल्याचा अर्थ तेथे आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने कळतो. सिडनीत गोष्ट उलटी आहे : डिसेंबरात तेथे सर्वांत मोठा दिवस असतो, सूर्य आकाशात उत्तरेकडून जातो आणि मध्याह्नीची सावली दक्षिणेला पडते. तेथल्या मराठी घरांनी संक्रांत जानेवारीतच करावी, कारण ती नात्यांची आहे. पण खिचडी, दिवा आणि खुणांचे व्रत २१ जूनच्या सुमारास धरावे.

रथसप्तमी

माघ शुद्ध सप्तमी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. पाटावर रक्तचंदनाने किंवा अंगणात रांगोळीने सात घोड्यांचा रथ आणि त्यात सूर्य काढावा. घोडे उत्तरेकडे वळलेले काढावेत, शंकूची उत्तररेषा समोर आहेच. तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवावे आणि ते उतू जाऊ द्यावे. एरवी घरात दूध उतू जाणे म्हणजे हळहळ. वर्षातून या एका दिवशी ते मुद्दाम उतू घालवतात. उरलेले दूध सर्वांना थोडे थोडे प्रसाद म्हणून द्यावे. फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नसतील तर गच्चीवर लहान शेगडीत कोळसा वापरावा, किंवा ओट्यावरच लहान भांड्यात दूध तापवून उतू जाऊ द्यावे. त्या दिवशी सूर्यनमस्कारही घालतात. बारा नावांसाठी बारा.

रथसप्तमीच्या आसपासच कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो : ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडावीत अशी योजना आहे. हाच सोहळा ९, १० आणि ११ नोव्हेंबरला झालेला असतो. १० नोव्हेंबरपासून अयनापर्यंत मोजले तर ४१ दिवस भरतात आणि अयनापासून ३१ जानेवारीपर्यंतही ४१ च. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या रेषेवर मावळला होता, त्याच रेषेवर तो परतताना पुन्हा मावळतो. देऊळ हाच तेथला शंकू आहे. ज्यांना जमेल त्यांनी नोव्हेंबरात १० तारखेलाच गच्चीवर पहिली खूण करून ठेवावी आणि १ फेब्रुवारीच्या मध्याह्नी ठिपका तिच्या अगदी जवळ येतो का ते पाहावे.

रथसप्तमीनंतर दिवा बंद केला तरी शंकू काढू नये. मार्चच्या २०-२१ तारखेला पुण्यातली सावली ३३-३४ सेंटिमीटरवर येईल, आणि मेच्या मध्यावर एका दुपारी उजेडाचा ठिपका सरळ पायाच्या खुणेवर जाऊन बसेल. त्या दिवशी खाली लिहायला माप नसते. नुसती तारीख लिहावी.